एकांड्याला मारायचं कोणी?

४ फेब्रुवारी

वहिनी,

साष्टांग नमस्कार घालण्याइतकी जागा या खोलीत नाही, तेव्हा खुर्चीवरूनच हात जोडतो, गोड मानून घ्या.

बातमी वाईट आहे म्हणून आधी चांगली सांगतो. दाढदुखी थांबली. आता वाईट ऐका. काल मालकांनी वर बोलावलं. वर म्हणजे छापखान्यावरच्या त्यांच्या खोलीत, जिथे भिंतभर तुमची मुखपृष्ठं टाचलेली आहेत आणि खाली मशीन सुरू झालं की टेबलावरचा चहा थरथरतो. मालकांनी स्वतःच्या हातांनी खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाले, "मेजर, मालिकेचे नव्याण्णव भाग होत आले. शंभराव्यात एकांड्याला मारा."

मी म्हटलं, "जखमी करतो."

"जखमी तुम्ही दर महिन्याला करता. मारा."

त्यांचंही चुकत नाही हो. पूर्वी गाडी सुटायच्या आधी लोक धावत जाऊन स्टॉलवरून एकांडा उचलायचे, उतरताना बाकावर सोडून जायचे आणि पुढचा प्रवासी तिथून वाचायला लागायचा. न्हाव्याच्या दुकानात एकांडा, पहारेकऱ्याच्या उशीखाली एकांडा, ट्रकवाल्याच्या सीटमागे एकांडा. कुठल्या वर्तमानपत्रानं त्यावर दोन ओळी लिहिल्या नाहीत, कुठल्या थोर ग्रंथालयानं कपाटात घेतला नाही, पण पानं सुटेपर्यंत वाचला जायचा. आता त्याच माणसांच्या हातात फोन आहे. मारामारी हलताना दिसत असेल तर छापलेली कोण वाचणार? मेला तर निदान शेवटचा भाग तरी खपेल, असा मालकांचा हिशेब.

आपली रीत उलटी, तुम्हाला मी काय सांगणार. आधी तुमचं चित्र, मग माझी गोष्ट. मालक चित्र घेऊन स्टॉलवाल्यांकडे फिरणार, ते माना डोलावणार आणि मग मी चित्राकडे बघत डोकं खाजवणार की हा बाबा इथे पोचला कसा. तुम्ही करायचं आणि मी निस्तरायचं. बर्फात मगर काढली होतीत तेव्हा मला सर्कशीची अख्खी आगगाडी घाटात अडकवावी लागली होती. तक्रार नाही. मेजर नावाचा लेखक या जगात कुठेच नाही, ते मालकांनी काढलेलं नाव. पहिला मेजर शाळामास्तर होता, दुसरा एक दिवस न सांगता पळाला, आणि माझ्यासारख्या प्रूफं तपासणाऱ्याला तुम्ही आणि दादानं शब्द टाकून तिसरा मेजर केलंत. माझं पोट त्या मगरीवरच चाललंय.

पण हे चित्र तुमच्याकडे मागू कसा? एकांड्याचा चेहरा दादाचा आहे हे आता मालकांनाही आठवत नाही. मला आठवतं. पहिल्या भागाच्या वेळी तुम्ही त्याला स्वयंपाकघरात उभं केलं होतंत, हातात पिस्तूल म्हणून लाटणं, आणि तो ओरडत होता, "लवकर काढ गं, भाजी करपतेय." मी दारात पोट धरून हसत होतो. मग त्याची टगबोट त्या वादळात अडकलेलं जहाज ओढून आणायला गेली ती गेलीच. ना फळी सापडली, ना माणूस. तेव्हापासून दर महिन्याला तुमचं पाकीट येतं, मी उघडतो आणि दादा दिसतो. कधी उंटावर, कधी जळत्या पुलावर. मला तेवढं पुरतं.

मी निरोप्या आहे, वहिनी. मेलेला एकांडा पाठवा, असा निरोप आहे.

तुमचा धाकटा दीर

१३ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी बंदरावर इतकं धुकं होतं की पोस्टमनचा आधी खोकला आला आणि बऱ्याच वेळानं पोस्टमन आला. खाली ताडपत्र्या शिवण्याचं दुकान आहे, दिवसभर शिलाईची घरघर चालते. धुक्याच्या दिवशी खिडकीबाहेर काहीच उरत नाही आणि त्या घरघरीवर माझी खोली हळूहळू कुठे तरी चालली आहे असं वाटत राहतं. मी काम करते ते अशाच उजेडात. सावल्या पडत नाहीत.

तुमचा निरोप वाचला आणि लगेच कागद ताणून बसवला. टाळाटाळ नको म्हटलं. खडकावर आडवा घातला, छातीवर हात. संध्याकाळी बघते तर हा माणूस ऊन खायला पडलाय. पुसला. वाळूत पालथा घातला, तर काही तरी शोधतोय असा दिसायला लागला. मग खुर्चीला बांधून मान टाकायला लावली, तेव्हा डुलकी लागलेली दिसली, आणि मला भीती वाटली की आवाज केला तर दचकून उठेल. मी खरंच त्या दिवशी भांडी हळू घासली. हसू नका.

स्वप्न पडलं. हे जिन्यावरून वर आले, बूट ओले, आणि काही न बोलता कढईवरचं झाकण उचलून बघितलं. मी म्हटलं, अहो, पाय तरी पुसा. तेवढंच. उठल्यावर मी जिना बघून आले. कोरडा होता.

मला थोडी सवड द्या. मालकांना सांगा रंग वाळत नाही, धुकं आहे. तोवर नव्याण्णवाव्याचं राहिलेलं चित्र सोबत पाठवते, दोरीच्या पुलावरचं. तो तिथे पोचला कसा ते तुम्ही निस्तरालच म्हणा.

वहिनी

२२ फेब्रुवारी

वहिनी,

दोरीचा पूल झकास. दरी बघून मीच खुर्ची मागे सरकवली. मालक खूश. आता मला एक विचारायचंय आणि ते सरळ विचारता येत नाहीये, म्हणून आधी थोडी कुरकुर करून घेतो.

गेल्या पाच-सहा चित्रांत एकांडा पिस्तूल डाव्या हातात धरतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी त्याच्या उजव्या खांद्यात गोळी घातली आणि वेळ मारून नेली. पुढच्या महिन्यात पुन्हा डावाच. मग जखम चिघळवली. त्याच्या पुढच्या महिन्यात एक म्हातारा डॉक्टर आणून त्याच्या तोंडून वदवलं की हा हात आता पूर्वीसारखा चालायचा नाही. वाचकांनी ते एवढं मनावर घेतलं की एकानं कुठलं तेल चोळायचं ते कळवलं. त्यानंतर कानशिलावर पांढरे केस आले. मालकांना वाटलं रंग उडालाय, त्यांनी छापताना काळे करून घेतले. पण मूळ चित्र माझ्यासमोर असतं. केस पांढरेच आहेत.

आज सकाळी मी सगळी मुखपृष्ठं खाटेवर मांडली, बसायला जागा उरली नाही म्हणून उभ्यानंच बघत राहिलो. पहिली सगळी आपल्या दादाची. मधली गुळगुळीत, दुकानातल्या बाहुल्यासारखी, खरं सांगतो, रागावू नका. आणि ही शेवटची पाच-सहा एकदम जिवंत माणसाची. दमलेल्या माणसाची. डोळ्यांखाली सुरकुत्या, मनगटावर शिरा. हे मनातून काढलेलं नाही. प्रूफं बघण्यात माझी अर्धी हयात गेली, अस्सल काय आणि नक्कल काय, मला कळतं. तुमच्यासमोर कुणी तरी उभं राहतंय.

आता मी पडलो चित्रं निस्तरणारा. मी हेही निस्तरलं. बोट बुडाली. तो लाटांबरोबर कुठल्या तरी किनाऱ्याला लागला. उजवा हात अधू झाला. बरोबरचे सगळे गेले आणि आपण एकटेच वाचलो, याची लाज वाटून तो गप्प राहिला. वर्षं गेली. केस पिकले. आणि एक दिवस तो तुमचा जिना चढून वर आला. तुम्ही त्याला खिडकीपाशी उभं करता, आणि तो डाव्या हातात लाटणं धरून 'लवकर काढ गं' म्हणतो. म्हणूनच तुम्हाला त्याला मेलेला काढवत नाही. जित्याजागत्या नवऱ्याला कोण काढेल?

तुम्ही दोघांनी ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं असेल, तर मी का म्हणून विचारणार नाही. रागवणारही नाही. फक्त 'हो' एवढं लिहा. कोऱ्या कागदावर नुसतं 'हो'.

तुमचा दीर

१० मार्च

वहिनी,

उत्तर नाही. न बोलणं म्हणजे होकार, असं लहानपणी आई म्हणायची. मी तसंच धरलंय.

मालकांना सांगितलं की वहिनींकडे पाहुणे आहेत, चित्राला उशीर होईल. ते म्हणाले, पाहुण्यांना कामाची घाई नसते पण छापखान्याला असते. म्हणू देत. मी सध्या रस्त्यानं जाताना उगाच गालातल्या गालात हसतो. काल प्रूफं बघणारे म्हणाले, "मेजर, लग्न ठरलं की काय?"

एक पार्सल पाठवलंय. लोकरीचा स्वेटर आहे, बंदरावर गार असतं. दाढीची पाती आहेत, तो नेहमी बोथट पात्यानंच ओढत बसायचा. आणि बूट. माप मला पाठ आहे, लहानपणी त्याचे जुने बूट कागदाचे बोळे कोंबून मीच वापरायचो. हे मात्र नवे आहेत. त्याला सांगा, या वेळी नवे मी घेतलेत.

पुढच्या महिन्यात रजा काढून येतो. त्याला भेटायचं नसेल तर मी खाली ताडपत्रीच्या दुकानात बसेन. वरून चालल्याचा आवाज आला तरी माझा जीव भांड्यात पडेल.

तुमचा दीर

१५ मार्च

भावजी,

इथे कुणी नाही.

हे मी आधीच, तुमच्या पहिल्या विचारण्यालाच लिहायला हवं होतं. कागद घेऊन बसायची आणि तुमचा आनंद डोळ्यांपुढे यायचा, मग कागद बाजूला ठेवायची. पार्सल आलं आणि बूट बघितल्यावर मात्र मला बसवेना. आज लिहून टाकते, मग जे व्हायचं ते होऊ दे.

चित्रात मी आहे.

सांगते कसं ते. यांचे फोटो तीनच, त्यातले दोन हललेले आणि तिसऱ्यात पंचवीस माणसांच्या मागे हे एवढेसे. सुरुवातीला यांना उभं करून काढलेली कच्ची चित्रं होती, त्यावर बरीच वर्षं निभावलं. ती संपली, फाटली, काही छापखान्यातच राहिली. मग मी जुन्या मुखपृष्ठावरून नवं काढायला लागले आणि त्या नव्यावरून त्याच्या पुढचं. गुळगुळीत झालं म्हणता ते तिथेच. एक दिवस नाक काढायला घेतलं आणि आठवेचना. डोळे मिटले तर चित्रातलं नाक समोर येई, यांचं नाही. भावजी, बायको असून मला माझ्या नवऱ्याचं नाक आठवेना. त्या दिवशी मी जेवले नाही.

मग यांचा कोट काढला. अंगात घातला, केस मागे बांधले आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. म्हटलं, चेहरा कुणाचाही असो, निदान त्या कोटात श्वास घेणारं माणूस असेल. मी डावखुरी, कुंचला डाव्या हातात, म्हणून लाटणं उजव्यात धरायचे. आरशात ते डाव्यात दिसायचं. दिसलं तसं काढत गेले. पांढरे केस माझे आहेत. सुरकुत्या माझ्या. तुम्ही ज्या खांद्यात गोळी घातलीत तो माझा खांदा, आणि खरं सांगू का, तो भाग वाचल्यावर दोन दिवस दुखला होता.

मला ते बरं वाटायला लागलं होतं. दुपारी धुक्याच्या उजेडात त्या आरशात कुणी तरी कोट घालून उभं असायचं, आणि ते मीही नसायचे आणि हेही नसायचे. आम्ही दोघं मिळून कुणी तरी असायचो. असं वाटायचं, की मी उभी आहे तोवर हे कुठे जात नाहीत. म्हणून मला त्याला आडवं करता येत नाही. मी आरशासमोर आडवी पडून पाहिलं. छत दिसतं फक्त.

तुम्ही चित्र वाचलंत आणि तुमच्या रिवाजाप्रमाणे गोष्ट लिहिलीत. त्यात तुमचा दोष नाही, तुमचं कामच ते. पण तुम्ही बूट घेतलेत, आणि मला इतकं वाईट वाटलं की ते मला लिहिता येत नाही.

एक मागते. या खेपेला रीत मोडा. आधी तुम्ही लिहा, मी मागाहून काढते. एकांड्याचं नका लिहू. ते कसे होते ते लिहा. माझ्याजवळ आता आरशाशिवाय काही उरलेलं नाही.

वहिनी

४ एप्रिल

वहिनी,

पत्र वाचून मी रागावलो होतो. तुमच्यावर नाही, तुम्ही कधी खोटं बोललाच नाहीत. कोणावर ते ठरवता आलं नाही, तेव्हा मालकांवर काढला.

मग तुमचं काम करायला बसलो. तुम्हाला वाटलं असेल, भाऊ आहे, याला सगळं आठवत असेल. वहिनी, मलाही तुमची चित्रंच आठवतात. डोळे मिटले की दादा जळत्या पुलावरून उडी मारतो. आपण दोघांनी मिळून त्याला इतक्या उंचावरून इतक्या वेळा उड्या मारायला लावल्या, की खरा दादा कुठे पडला ते कळेना. दोन दिवस मी नुसता भिंतीकडे बघत होतो.

पण मग खालच्या मजल्यावर कुणी तरी स्टोव्ह दुरुस्त करत होतं, पिन मारल्याचा आवाज आला, आणि एकदम दादाच आला. सुट्टीच्या दिवशी आख्ख्या गल्लीचे स्टोव्ह जमवून बसायचा. जोडून झाल्यावर दर वेळी एक स्क्रू उरायचा. तो म्हणायचा, "हा कंपनीनं जास्तीचा घातला होता."

त्याला पोहता येत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे, पण आपण दोघं हे कधी बोललो नाही. पाण्याला भ्यायचा. बोटीवरून उतरला की आधी धक्क्याच्या भिंतीला हात लावायचा, जमीन आहे याची खात्री करून घेतल्यासारखा. बोट वळली की त्याला मळमळायचं, म्हणून खाली इंजिनापाशीच बसायचा. एकांडा वाचायचा तो नाकाशी पुस्तक धरून, चष्मा सापडत नसे म्हणून. शेवटचं पान आधी वाचायचा. म्हणायचा, "हा जिवंत राहतो ना, एवढं बघून घेतो, मग निवांत वाचतो." आणि मारामारीच्या ऐन जागी हसायचा. "हा मी? अरे, मला पालीला हाकलता येत नाही."

चेहरा. डावी भुवई उजवीपेक्षा वर, त्यामुळे तो कायम काही तरी विचारतोय असं वाटायचं. कानाच्या पाळ्या मोठ्या, आईच्या. नाक, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, अगदी साधं होतं, शेंड्याशी जरा बसकं, लहानपणी माझाच चेंडू लागला होता. हनुवटीवर दाढी करताना कापायचं, आणि नेहमी त्याच जागी, उजवीकडे ओठाखाली, तिथे एक बारीक रेघ झाली होती. झोपला की तोंड उघडं राहायचं. घोरायचा नाही, पण प्रत्येक श्वासाच्या शेवटी 'हां' असा आवाज यायचा, कुणाचं तरी पटल्यासारखा.

या पत्राबरोबर शेवटचं प्रकरण पाठवतोय. यात बंदूक नाही. एकांडा एका छोट्या बंदरावर उतरतो, कोट गाठोड्यात बांधतो, एक खोली घेतो आणि लोकांचे स्टोव्ह दुरुस्त करतो. कुणी त्याला ओळखत नाही. एका दुपारी जेवण झाल्यावर खिडकीपाशी खुर्चीत बसतो आणि बसल्या बसल्या मरतो. ते वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि ते तीनच शब्दांचं आहे. लिहिलं आणि टेबलावर डोकं टेकून रडलो. दादा गेला, वहिनी. आजवर आपण दोघांनी एकमेकांना हे कधीच लिहिलं नव्हतं.

मालक माझा जीव घेतील. घेऊ देत.

तुमचा दीर

२५ एप्रिल

भावजी,

सोबत चित्र आहे.

तुमचं पत्र वाचताना हनुवटीपाशी पोचले, 'नेहमी त्याच जागी', आणि हात आपोआप कागदाकडे गेला. मी कोट घातला नाही. आरशाकडे पाठ केली. पुढे किती वेळ गेला ते सांगता येत नाही. खालची शिलाई थांबली होती की मलाच ऐकू येत नव्हती, कोण जाणे. मधे कधी तरी धुकं निघून गेलं, ऊन आत आलं, यांच्या गुडघ्यावर पडलं, आणि मी ते तसंच काढलं. खुर्ची आपली नेहमीची, घरातली. पायात साध्या चपला. भुवई वर. तोंड थोडं उघडं.

नाक तुम्ही सांगितलंत तसं काढलं, आणि काढल्याबरोबर ओळखलं. अहो, हेच. हेच ते. मी मोठ्यानं बोलले.

रंग पुरा झाल्यावर मी वाट बघत बसले. तुम्हाला माहीत आहे कशाची. पण या वेळी ते उठले नाहीत. मग मी त्यांच्याजवळ खाली बसून पोटभर रडून घेतलं. खालून ताडपत्रीवाल्या बाई वर आल्या, काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझे यजमान गेले. त्या म्हणाल्या, केव्हा? मला काही सांगता येईना. त्यांनी पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिल्या.

वहिनी

९ जून

वहिनी,

आधी गंमत सांगतो. मालकांनी चित्र बघितलं, उलटं केलं, पुन्हा बघितलं. म्हणाले, "हा एकांडा आहे की बँकेतला कारकून?" मी म्हटलं, एकांडाच. "मेलाय की झोपलाय?" मी म्हटलं, वाचून बघा. आयुष्यात पहिल्यांदा मालकांनी स्वतःची मालिका वाचली. वाचून झाल्यावर चष्मा पुसला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "स्टॉलवाले मला जोड्यानं मारतील. छापा."

स्टॉलवाले खरंच बोलले. पहिले काही दिवस पुस्तक तसंच पडून होतं, लोकांना वाटे ही दुसरीच कुठली मालिका. मग गेलं. कसं गेलं ते विचारू नका, मालकांनाही ठाऊक नाही. एकानं दुसऱ्याला सांगितलं असणार.

आणि आता पत्रं येतायत. मेजर यांस, छापखान्याच्या पत्त्यावर. दर महिन्याला येतात तशी चार-दोन नव्हेत. पोती भरलीत. मालक म्हणाले, रद्दीत घाला. मी म्हटलं, हात लावू नका. मी सगळी वाचली नाहीत, वीस-पंचवीस वाचली आणि पुढे वाचवेना. कुणी शिव्या दिल्यात, का मारलंत म्हणून. पण बाकीची तशी नाहीत, वहिनी. ती समाचाराची पत्रं आहेत. घरचं माणूस गेल्यावर लोक लिहितात तशी.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दादाच्या वेळी आपल्याकडे समाचाराला कुणी आलंच नव्हतं. जे आले ते 'येईल हो, धीर धरा' म्हणून चहा पिऊन गेले. त्यांची चूक नव्हती. मृतदेह नाही, दिवस नाही, तर कोणत्या तोंडानं बोलायचं? शेवटी येणंच बंद झालं. तुमच्या दारात बसून कुणी 'फार वाईट झालं' एवढंही म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. मी मगरींच्या गोष्टी लिहीत बसलो.

तर आता लोक आलेत. उशिरा आलेत, पत्ता चुकून आलेत, पण आलेत. मेजरला हे घेण्याचा हक्क नाही, तो कुणीच नाही. पोती तुमच्याकडे पाठवतोय. मागोमाग मीही येतोय, आणि या वेळी खाली बसणार नाही, वर येईन.

तुमचा दीर

१ जुलै

भावजी,

पोती पोचली. हमालानं जिन्यावरून वर आणताना विचारलं, बाई, यात आहे काय? मी म्हटलं, माणसं आहेत. तो हसला.

खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही आलात की खुर्चीवरची पत्रं खाटेवर ठेवा आणि बसा. मी रोज सकाळी खिडकीपाशी बसून एकेक उघडते. घाई करत नाही. कुणी दारात आलं असताना घाई करायची नसते. एका न्हाव्यानं लिहिलंय की त्यानं एक दिवस कात्रीला हात लावला नाही. एका बाईंनी लिहिलंय, आमचे हे वाचायचे, ते गेल्यावर मी वाचायला लागले, आता मला दोनदा झाल्यासारखं वाटतं. एक ट्रकवाला लिहितो की त्यानं गाडी बाजूला घेऊन शेवटचं पान वाचलं आणि मग तासभर तिथेच बसून राहिला. हस्ताक्षरं वाईट आहेत, शाई फुटलेली आहे, पुष्कळांना पत्र लिहायची सवय दिसत नाही. तरी लिहिलंय.

ही सगळी माणसं इतकी वर्षं कुठे होती, असं वाटतं. गाड्यांमध्ये, पाळीवर, दुकानांत, यांचा चेहरा हातात धरून बसली होती, आणि मला वाटत होतं की मी एकटीच आहे.

मी उत्तरं लिहायला घेतलीत. सगळ्यांना जमायचं नाही, पण जमेल तितक्यांना. काल एकाचं आलं. पहारेकरी आहेत, वयानं बरेच असावेत. मारलंत का म्हणून त्यांनी विचारलं नाही, मेजरांचं कौतुकही केलं नाही. एकच ओळ आहे. 'तसदीबद्दल माफी असावी, पण त्यांना जाताना त्रास तर झाला नाही ना?'

भावजी, या एका प्रश्नासाठी मी किती वर्षं झोपले नाही ते तुम्हाला ठाऊक नाही. पोहता येत नव्हतं त्यांना. मी तो प्रश्न ओठांवरसुद्धा येऊ दिला नव्हता, आणि या भल्या माणसानं तो इतक्या साधेपणानं विचारला, की मी घाबरले नाही. कागद घेतला आणि लिहिलं:

'आपलं पत्र पोचलं. नाही, त्रास झाला नाही. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, खिडकीतून ऊन येत होतं, बसल्या बसल्या गेले. आपण विचारलंत, फार बरं वाटलं.'

खाली मेजर म्हणून सही करायला हात गेला होता. मग लिहिलं, 'त्यांची बायको'. आणि जाऊन पेटीत टाकून आले.

वहिनी